मजल्याला एक टोपण

वॉशरच्या स्वयंपाकघराच्या छतावर एक ओला डाग होता आणि त्या डागाच्या बरोब्बर वर त्याची सख्खी मोठी बहीण राहत होती. मधलं अंतर साडेनऊ फूट. त्यानं स्वतः टेप लावून मोजलं होतं. गेली चार वर्षं त्या साडेनऊ फुटांतून पाणी तेवढं खाली आलं, शब्द एकही आला नाही.

वॉशर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पाच वर्षांचा असताना त्यानं बापाच्या पिशवीतला अर्ध्या इंची रबरी वॉशर गिळला, दोन दिवस सगळ्या घराचा जीव टांगणीला लावला आणि तिसऱ्या दिवशी माल जसाच्या तसा परत केला. बापानं तो धुऊन पुन्हा वापरला, असं ताई शपथेवर सांगायची. कोणाच्या नळात बसवला, ते मात्र बाबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढे हाही बापासारखाच प्लंबर झाला, डोक्यावरचे केस आधी पिकले आणि मग गेले, साठी आली, पण नाव काही सुटलं नाही.

भांडण झालं ते भाऊजींच्या निवृत्तीच्या जेवणाला. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांनी जन्मभर एका कचेरीत लोकांचे अर्ज तपासले आणि त्यात चुका काढल्या. निवृत्त होताच त्यांनी एक माहितीपुस्तिका वाचून घरातलं सिंक स्वतःच्या हातानं बसवलं. घरात सख्खा मेहुणा प्लंबर असताना! वॉशरला ते लागलं. त्याच सुमाराला त्याच्या छतावर तो डाग उगवला. मग काय, वीस पाहुण्यांसमोर, हातात जेवणाचं ताट घेऊन, वॉशरनं सिंकखालच्या कपाटात डोकं घातलं आणि आतूनच जाहीर केलं, "भाऊजी, अर्ज तपासणं वेगळं आणि पाइप जोडणं वेगळं. हे गळतंय."

"गळतंय, तर तसं लेखी द्या," भाऊजी म्हणाले.

"माझ्या घरात एक थेंब गळत नाही," ताई म्हणाली.

"ताई, पाणी खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलते?"

इथे 'नाही गं' म्हणायचं होतं. एवढेसे दोन शब्द. वॉशर म्हणाला, "छत बघ आणि तूच ठरव."

संपलं. ताईनं त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं. त्यात गोड अजून शिल्लक होतं.

तेव्हापासून तो ताईला फक्त ऐकत होता. सकाळी सहा वाजता खाटेवरून उठल्याचा आवाज. मग खिडकीपासून शेगडीपर्यंत सहा पावलं, उजवा पाय जरा घासत. शेगडीपासून कपाटापर्यंत चार. वॉशर त्याच वेळेला खाली चहा घ्यायचा आणि मान वर करून डागाकडे बघत राहायचा. बायकोला वाटायचं, गळती बघतोय.

आणि आता ताई चालली होती. कायमची. मुलानं दुसऱ्या शहरात मोठं घर घेतलं होतं आणि वर्षअखेरच्या सुट्ट्यांत येऊन सामान लावून देतो म्हणाला होता. रविवारी सकाळी दहाला ट्रक येणार होता. ही बातमी वॉशरला जिन्यातल्या खोक्यांवरून कळली. भाऊजींनी प्रत्येक खोक्यावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'खोकं ४, एकूण १७. काचसामान. उलटं करू नये. तिरकं करू नये. शक्यतो हात लावू नये.'

शनिवारी सकाळी वॉशर बायकोला म्हणाला, "अगं, तिला सांग, जायच्या आधी जरा खाली येऊन जा म्हणावं."

बायको मटार सोलत होती. "मी नाही सांगणार."

"का?"

"चार वर्षं तुम्हा दोघांचं टपाल वाहून माझे गुडघे गेले. वर गेले की वन्सं म्हणतात, 'त्याला सांग, टाकी भरली.' खाली आले की तुम्ही म्हणता, 'तिला सांग, मला दिसतंय.' कालपासून टपालखातं बंद. दोघांना दोन-दोन पाय आहेत."

"मी कसा जाऊ? मी बरोबर होतो."

"मग बसा बरोबर."

वॉशर बसला. पण बरोबर बसून बसून माणूस किती बसणार? तासाभरानं तो उठला, माळ्यावर चढला आणि बाबांची जुनी हत्यारांची पेटी खाली काढली. पेटीच्या तळाशी, चिंधीत गुंडाळलेली, तपकिरी काचेची एक बाटली होती. पेपरमिंटचं तेल.

"आता हे काय?" बायको म्हणाली.

"फज करतो."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. या माणसानं चाळीस वर्षांत शेकडो स्वयंपाकघरांतली सिंकं बसवली होती, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याला चहाची साखर सापडत नव्हती.

तर या तेलाचं असं आहे. बाबांच्या काळात गळती शोधायला हेच वापरत. गच्चीवर जायचं, पाइपच्या तोंडात तेल ओतायचं आणि वरून उकळतं पाणी सोडायचं. तेलाची वाफ सगळ्या पाइपांतून फिरते आणि जिथे जोड फुटलाय तिथून बाहेर येते. जिथे वास, तिथे गळती. किती तेल घालायचं याचा बाबांचा हिशोब ठरलेला: मजल्याला एक टोपण. आणि एक कडक नियम: ज्यानं तेल ओतलं, त्यानं घरात पाऊल टाकायचं नाही. त्याच्या हाताला इतका वास असतो, की तो जाईल तिथे त्याला गळतीच सापडते. म्हणून ओतणारा एक आणि हुंगणारा दुसरा.

हुंगायची ताई. आठ वर्षांची असल्यापासून. सुट्टीच्या दिवशी बाबा तिला कामावर न्यायचे आणि गिऱ्हाइकाला ओळख करून द्यायचे, "हे माझं नाक." बाबा गच्चीवर, ताई खोल्याखोल्यांतून नाक वर करून फिरणार, आणि वॉशर जिन्यात किटली धरून उभा. वास नाही आला तर ताई पाइपवर पान्यानं एक ठोका द्यायची. आला तर दोन. दोन ठोके ऐकले की बाबा वरून एक ठोका द्यायचे. त्याचा अर्थ, 'थांब तिथेच, हात धुऊन येतो.'

आणि वर्षाच्या शेवटी शाळेला सुट्ट्या लागल्या, की आई याच बाटलीतल्या तेलाचा फज करायची. बर्फीसारखा पण मऊ, पांढराशुभ्र, वर पेपरमिंटच्या लाल-पांढऱ्या गोळ्यांचा चुरा. आगकाडीचं मागचं टोक बाटलीत बुडवायचं, तेवढंच भांड्यात ढवळायचं. मग ताई भांड्यावर वाकायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "बास." ताईनं 'बास' म्हटल्याशिवाय फजाला हात लावायची कोणाची टाप नव्हती, बाबांचीही नाही.

तो फज वर पाठवायचा, असा वॉशरचा बेत होता. कोणाच्या हाती, ते अजून ठरलं नव्हतं.

त्यानं मोबाईल टेकवून ठेवला. त्यातली बाई दात दाखवत सांगत होती, की हा फज इतका सोपा आहे, की लहान मूलसुद्धा दहा मिनिटांत करील. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, पांढरं चॉकलेट, चमचाभर लोणी. सगळं वितळवा, ओता, चार तास गार करा. झालं!

वॉशरनं ओट्यावर जागा केली. पाने, चिमटे, टेप आणि लेव्हलची पट्टी ओळीनं मांडली. मध्ये एक वाडगा अडचण करत होता, तो त्यानं उचलून बाजूला ठेवला.

"अहो, तो वाडगा..." बायको म्हणाली.

"मला काम करू दे."

गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं बसवून त्यानं चॉकलेट वितळवलं. छान वितळलं. रेशमासारखं. वॉशर हरखला. इतकी वर्षं बायकांनी या कामाचा उगीच बाऊ करून ठेवलाय, असं त्याला वाटलं, आणि ते तो बोलून दाखवणार, तेवढ्यात वरून एक थेंब पडला.

बरोब्बर भांड्यात. वाडगा चार वर्षं त्याच्यासाठीच तिथे होता.

वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचा थेंब लागला, की ते रुसतं. बघता बघता त्या रेशमाची खडी झाली. चमचा त्यात उभा राहिला. वॉशर आधी भांड्याकडे बघत राहिला, मग छताकडे, आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"बघ! बघितलंस? पुरावा!"

"हो," बायको म्हणाली. "खा आता पुरावा."

दुसऱ्या खेपेला त्यानं शेगडी दोन फूट सरकवली आणि वाडगा जागेवर ठेवला. चॉकलेट वितळलं, डबा ओतला, लोणी घातलं. ट्रेला कागद लावला आणि ट्रेवर लेव्हलची पट्टी ठेवून बघितलं. बुडबुडा डावीकडे पळाला. वॉशरनं ट्रेच्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला. बुडबुडा मधोमध आला.

"फज करताय की फरशी बसवताय?"

"कललेला फज मी कोणाला देणार नाही."

मग त्यानं बाटलीचं टोपण उघडलं.

वास आला आणि वॉशर त्या स्वयंपाकघरात राहिलाच नाही. तो जिन्यात होता. हातात किटली, चटका बसतोय, पण खाली ठेवायची नाही. वर गच्चीवर बाबा. कुठल्याशा बंद दारामागे ताईची अनवाणी पावलं, थांबत, पुन्हा चालत. 'ताई, लागला का गं वास?' 'गप रे, नाक काम करतंय.' आणि वरून बाबांचा आवाज, 'इमारत किती मजली?'

"तीन," वॉशर पुटपुटला.

आणि त्याच्या हातानं टोपण भरलं. एक. पुन्हा भरलं. दोन.

"अहो!" बायको ओरडली. "अहो, काडी! काडीचं टोक म्हणाला होतात ना?"

तीन.

लहानपणापासून हाताला पाठ असलेला हिशोब. तो हात फजाला काय ओळखणार?

पुढच्या अर्ध्या मिनिटात जे झालं त्याला वास म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती मटार तसेच टाकून खिडकीकडे धावली. वॉशरनं सुईच्या टोकाएवढा फज जिभेला लावला आणि मग जीभ तोंडात आहे की नाही, ते त्याला बोटानं चाचपून बघावं लागलं.

"कसा झालाय?" बायकोनं खिडकीतूनच विचारलं.

"गार," वॉशर म्हणाला. त्याला एवढंच म्हणता आलं.

हे वर पाठवलं असतं, तर ताईनं उरलेलं आयुष्यही बोलणं टाकलं असतं. फज नाहीसा करायला हवा होता. आणि वॉशरनं काय केलं? सिंकमध्ये तेल-तूप ओतणाऱ्या बायकांना ज्यानं चाळीस वर्षं झापलं, 'पाइप म्हणजे काय उकिरडा वाटला का तुम्हाला?' म्हणून ज्यानं थरथरत्या म्हाताऱ्यांनाही सोडलं नाही, त्या वॉशरनं भांडं उचललं आणि अख्खा फज स्वतःच्या सिंकमध्ये ओतला. वरून किटलीभर उकळतं पाणी. फज गडप झाला. भांड्याला चिकटलेलं खरवडून त्यानं दुसरी किटली ओतली. सिंक म्हणालं, 'गुडुप.' आणि पाणी जागच्या जागी उभं राहिलं.

"तुंबलं," बायको म्हणाली. तिच्या आवाजात चाळीस वर्षांचं समाधान होतं. "प्लंबरला बोलवू का? माझ्या ओळखीचा एक आहे. रविवारी येतो म्हणतो आणि बुधवारी येतो."

वॉशर पाना घेऊन सिंकखाली शिरला. पाठीवर झोपला, डोकं कपाटात. अंधार, तोंडावर थेंब थेंब पेपरमिंट. त्या अंधारात त्याला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं, की उद्या दहाला ट्रक येणार, अकराला जाणार, आणि परवा सकाळी सहाला वर कोणीच चालणार नाही. डोळ्यांतून पाणी आलं. तेलामुळे, असं म्हणायची सोय होती.

आणि तेव्हाच कानाशी, भिंतीतल्या मोठ्या लोखंडी पाइपमधून, आवाज आला.

टण. टण.

वॉशर हललाच नाही.

"वर खोकं पडलं असेल," बायको म्हणाली.

टण. टण.

"खोकं नाही," वॉशर म्हणाला. त्यानं पाना उचलला. पहिला ठोका हुकून कपाटालाच बसला. दुसरा बसला पाइपवर.

टण.

मग तो बाहेर आला आणि त्यानं बादलीत हात धुतले. साबणानं, तीनदा.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई वरून वाकून बघत होत्या. "अहो, हा कसला वास? माझ्या मुलींचे गळे आज पहिल्यांदा मोकळे झाले हो! रोज सोडत जा." वॉशरला ते ऐकूही आलं नाही. पहिल्या मजल्याचं दार उघडं होतं. आत सगळीकडे खोकी, आणि त्यांच्यामध्ये ताई. केस पांढरे झालेले. चार वर्षांत तिला जिन्यात ओझरतं बघितलं होतं, समोरून नाही. तो पुढे सरकला.

"दारातच थांब," ताई म्हणाली.

चार वर्षांतले पहिले शब्द.

"हात धुतलेत मी. तीनदा."

"तरी येतोय वास. तू आत आलास तर अख्ख्या घराला गळती लागेल. थांब तिथेच."

वॉशर दारात थांबला, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. भाऊजी खोकं क्रमांक अकराआडून म्हणाले, "वासाबद्दल मी लेखी तक्रार देणारच होतो."

"तुम्ही जरा गप्प बसा. नाक काम करतंय," ताई म्हणाली आणि डोळे मिटून स्वयंपाकघरात शिरली.

आधी ती सिंकपाशी वाकली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. भाऊजींनी पुस्तिका वाचून बसवलेल्या त्या सिंकखाली तिनं डोकं घातलं. लांब श्वास घेतला. मान हलवली. नाही. भाऊजींनी वॉशरकडे असं बघितलं, की त्या बघण्यावर सही-शिक्काच काय तो मारायचा राहिला होता. मग ताई उठली. भिंतीला नाक लावून हळूहळू सरकत गेली. खिडकीपाशी थांबली. परत फिरली. कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर, एका फरशीपाशी थांबली. तिथेच राहिली. बोट टेकवलं.

"इथे."

वॉशरनं दारातूनच ओळखलं. त्या फरशीमागे ताईचा कुठला पाइपच नव्हता. तिथून जात होता वरच्या गाण्याच्या बाईंचा पाइप. पाच वर्षांपूर्वी बाईंनी स्वयंपाकघर नवं केलं, तेव्हा घाईघाईत, सुट्टीच्या आदल्या दिवशी, त्या कोपऱ्यातला एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, एका प्लंबरनं बसवला होता. त्या संध्याकाळी घरी येऊन तो बायकोला म्हणाला होता, 'शंभर वर्षं हलणार नाही.' वर्षभरात छतावर डाग आला होता.

"काय आहे तिथे?" ताईनं विचारलं.

बोलायला पळवाटा होत्या. वास भिंतीतून फिरतो, म्हणता आलं असतं. इमारत जुनी आहे. हवा दमट आहे. ताईचं नाकही आता म्हातारं झालंय. आणि उद्या अकरानंतर ती फरशी कोण फोडून बघणार होतं? ताई त्याच्याकडे बघत होती. बोट अजून फरशीवरच.

"पाइप वरच्या बाईंचा," वॉशर म्हणाला. "जोड माझा."

वरती एक मुलगी मोकळ्या गळ्यानं एकच सूर धरून बसली होती.

"लेखी द्याल?" भाऊजींनी हळूच विचारलं.

"द्या पेन."

कागद सगळे खोक्यांत गेले होते. म्हणून भाऊजींनी खोकं क्रमांक नऊच पुढे केलं, आणि वॉशरनं उंबऱ्याबाहेर बसून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'गळती माझ्या जोडाची आहे. भाऊजींच्या सिंकमध्ये काही दोष नाही. ताई खरं बोलत होती.' खाली सही: वॉशर. भाऊजींनी ते दोनदा वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि पावसानं पुसू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली.

"चार वर्षं, वॉशर," ताई म्हणाली.

"हो."

"तुला खाली ऐकू यायचं?"

"काय?"

"मी सकाळी पाय घासत चालायची ते."

"यायचं ना. मला वाटायचं, तुझा गुडघा दुखतोय."

"दुखतो. पण इतका नाही दुखत." ताई पदराच्या टोकानं नाक पुसायला लागली. "म्हटलं, चहाला बसला असशील. कळावं, की मी उठले."

वॉशर जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिला. त्या कठड्याचा एक खिळा सैल होता. तो त्यानं बराच वेळ बघितला.

"पण एवढं तेल ओतलंस कशाला?" ताईनं विचारलं. "आता तेलानं कोण तपासतं?"

"फज करत होतो. तुझ्यासाठी."

"फजात? किती टाकलंस?"

"तीन टोपणं."

ताईनं आधी हात तोंडावर ठेवला. मग ती 'शक्यतो हात लावू नये' लिहिलेल्या खोक्यावर बसली आणि इतकी हसली, की आतलं काचसामान किणकिणायला लागलं. "अरे, मजल्याला एक! मजल्याला एक टोपण!" भाऊजी 'अगं, खोकं चार, खोकं चार' म्हणत भोवती फिरत राहिले.

रविवारी सकाळी सहाला वर पावलं वाजली. या वेळी ती थांबली नाहीत, जिन्यानं खाली आली. ताई आगपेटी हातात घेऊन दारात उभी होती.

तिसरी खेप दोघांनी मिळून केली. बायकोनं ढवळलं, कारण दोघांपैकी कोणाच्या हातात चमचा द्यायला ती तयार नव्हती. काडीचं मागचं टोक, एकदा बुडवून. ताई भांड्यावर वाकली, डोळे मिटले. वॉशर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. बाबांनाही थांबावं लागायचं तसा.

"बास," ताई म्हणाली.

गोळ्यांचा चुरा वॉशरनं लाटण्याऐवजी हातोडीनं केला. ट्रे लेव्हलला लावला. आता चार तास.

साडेआठलाच खाली हॉर्न वाजला. वॉशरच्या आयुष्यात वेळेआधी आलेला हा पहिला कामगार. ट्रकवाला म्हणाला, सुट्ट्यांची गर्दी आहे, आत्ता निघालो तर पोचू. तासाभरात सतराच्या सतरा खोकी चढली. खोकं नऊ भाऊजींनी स्वतः नेलं आणि मजकूर बाहेरून दिसेल असं ठेवलं.

फज अजून लदलदीत होता. कापायला गेलं तर सुरीबरोबर यायचा.

"राहू दे," वॉशर म्हणाला. "नंतर पाठवतो."

"कोणाच्या हाती? टपालखातं बंद आहे म्हणे." ताईनं ट्रेच उचलला. ट्रकच्या पुढच्या सीटवर, भाऊजी आणि ट्रकवाला यांच्यामध्ये बसली आणि ट्रे मांडीवर घेतला.

"हा ट्रे यादीत नाही," भाऊजी म्हणाले. "एकूण सतरा लिहिलंय."

वॉशरनं खिडकीतून हात आत घातला आणि लेव्हलची पट्टी ट्रेवर आडवी ठेवली. "बुडबुडा मध्ये ठेव. वळणावर सांभाळ."

"बरं."

"ट्रे परत लागेल मला. लेव्हलपण. बाबांची आहे."

"मग ये न्यायला."

"तुझा नळ गळला की येतो."

"नव्या घरातलं सिंक मीच बसवणार आहे," भाऊजी म्हणाले.

भावा-बहिणीनं एकमेकांकडे बघितलं. "मग लवकरच येतो," वॉशर म्हणाला.

ट्रक निघाला. वळणापर्यंत ताई मागे वळून बघेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं बघितलं नाही. ती खाली मान घालून बुडबुड्याकडे बघत होती.

सोमवारी सहाला वॉशर चहा घेऊन बसला. मान आपोआप वर गेली. डाग होता. बाकी काही नव्हतं. तो थोडा वेळ थांबला, चार वर्षांच्या सवयीनं. मग चहा तसाच ठेवून, ताईनं दिलेली किल्ली घेऊन वर गेला.

रिकाम्या घरात आवाज घुमतो. त्यानं खिडकीपासून शेगडीच्या जागेपर्यंत चालून बघितलं. सहाच पावलं. उजवा पाय घासून पुन्हा एकदा चालला. मग फरशी फोडली. आतून पेपरमिंटचा वास भस्सकन आला, आणि तिथे तो एल्बो होता, एका बाजूला केसाएवढी भेग पडलेला. त्यानं तो काढला, नवा बसवला आणि जुना खिशात टाकला.

तेवढ्यात फोन वाजला.

"जमला रे," ताई म्हणाली. "पण एका बाजूला जाड झालाय. तुझे भाऊजी म्हणतात, लेव्हलमध्ये दोष आहे. लेखी कळवणार आहेत."

"रस्त्यात दोष असेल."

"कधी येतोस ट्रे न्यायला?"

"रविवारी येतो."

खालून, उघड्या खिडकीतून, बायकोचा आवाज आला, "वन्सं, रविवारी म्हणाले म्हणजे बुधवार धरा!"

ताई हसली. फोनमध्ये तिच्या नव्या स्वयंपाकघराचा आवाज येत होता, अनोळखी, भांडी अजून न लावलेला. मग तिनं कशावर तरी ठोकलं. नव्या घरात सगळे पाइप प्लास्टिकचे, त्यामुळे टण असं वाजलं नाही. ठप्प. ठप्प.

वॉशरनं फोन लोखंडी पाइपजवळ धरला, पाना उचलला आणि एकदाच ठोका दिला. थांब तिथेच, हात धुऊन येतो.